सामानघरापाशी फार वेळ जातो

५ जानेवारी, सोमवार

आज पहिली फेरी झाली. एक गृहस्थ खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपले. घोरले नाहीत, एवढे उपकार.

स्टेशनला शंभर वर्षं झाली म्हणून लोकांना हिंडवून इतिहास सांगायचा, ही टूम नव्या साहेबांची. वयाने माझ्या लेकीएवढे असतील. "मास्तर, तुमच्याइतकं हे स्टेशन कुणाला माहीत आहे?" असं म्हणून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चढलो. रिटायर झाल्यापासून कुणी चढवलंच नव्हतं. लेक म्हणाली, "घ्या बाबा हे काम. घरात बसून मला कुकरच्या शिट्ट्यांचं टाइमटेबल शिकवता, त्यापेक्षा बरं."

साहेबांना रोज अहवाल द्यायचा असतो. त्यात जे लिहिता येत नाही ते इथे लिहीन.

मी सुरुवात धक्क्यापासून केली. आधी इथे नुसती पत्र्याची शेड होती. मीठ आणि बर्फातली मासळी न्यायला रूळ टाकले. माणसं नंतर आली, तीही मिठाच्या पोत्यांवर बसून. किनारा वाकडा म्हणून पहिला फलाट वाकडा. मोठ्या वादळात समुद्र तिकीटखिडकीपर्यंत आला होता, तिथे भिंतीवर पितळी खूण आहे. हे सगळं मी नीट क्रमाने सांगितलं. लोक खूण बघायच्या ऐवजी तिच्यात स्वतःचे केस बघत होते.

मग गाडी पूर्ण गेली हे मास्तर कसं ठरवतो, ते करून दाखवलं. गाडी हलली की फलाटावर ताठ उभं राहायचं, तोंड गाडीकडे. चाकांवर नजर. कुठे धूर निघत नाही ना, खाली काही लोंबत नाही ना. आणि सगळ्यात शेवटी शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी गेली, मधेच एखादा डबा तुटून मागे राहिला नाही. इतकी वर्षं मी हेच केलं. याच वेळी ते गृहस्थ झोपले.

८ जानेवारी, गुरुवार

फेरीत हातात पिशवी नको, म्हणून सामानघरात ठेवायला गेलो. तिथे कुलूपबाई असतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळं स्टेशन त्यांना कुलूपबाई म्हणतं. मी नोकरीत असल्यापासून त्या तिथे आहेत, पण माझं ऑफिस दुसऱ्या टोकाला, त्यामुळे 'नमस्कार, नमस्कार' याच्या पुढे आमची गाडी कधी गेली नव्हती.

म्हटलं, "एवढी पिशवी ठेवा."

"चिठ्ठी करावी लागेल."

"अहो, मी मास्तर आहे."

"होतात," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी फाडली. "डबा आहे का आत? झाकण नीट लावा. मागे एकाची आमटी दुसऱ्याच्या कोटावर सांडली होती, मला त्याच्या बायकोची पण बोलणी खावी लागली."

उद्धट बाई. पण नियमाने वागतात, हे मान्य करायला हवं. हल्ली कोण वागतं?

१३ जानेवारी, मंगळवार

सामानघर हा माझ्या भाषणातला छोटा मुद्दा. जुन्या काळी धक्क्याला जहाज कधी लागेल याचा नेम नसायचा, उतारू आपल्या पेट्या ठेवून जहाजाची वाट बघत राहायचे, म्हणून इतकं मोठं सामानघर बांधलं. दोन वाक्यांत संपतं. तर आज मी दुसऱ्या वाक्यावर असताना बाईंनी काउंटरवरून तोंड घातलं.

"पोपटाचं सांगा की त्यांना!"

माझ्या इतिहासात पोपट नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पण लोक काउंटरला जाऊन चिकटलेसुद्धा. मग बाईंनीच सांगितलं. एका उतारूने पिंजऱ्यासकट पोपट ठेवला आणि तो गेला तो तीन दिवस आलाच नाही. आला तेव्हा पोपट त्याला म्हणतो, "चिठ्ठी दाखवा!" मालकाने पिंजऱ्याची कडी काढली, तर पोपट जास्तच ओरडायला लागला, "चिठ्ठी दाखवा! चिठ्ठी दाखवा!"

आवाजसुद्धा काढला. पोट धरून हसले लोक. एका आजीबाईंना डोळे पुसावे लागले. पितळी खुणेपाशी कुणी डोळे पुसले नव्हते.

मला राग आला. मी चिठ्ठी देऊन पिशवी घेतली आणि तडक निघालो.

१४ जानेवारी, बुधवार

आज बाई पोपटाचं सांगायला आल्या नाहीत, आत शेल्फं पुसत राहिल्या. लोक कंटाळून पुढे निघाले. मीच हाक मारली, "अहो बाई, ते पोपटाचं."

"तुमच्या इतिहासात नाही ना?"

"पुरवणीत आहे," मी म्हटलं.

हसल्या. बाईंना हसताना एका गालावर खळी पडते. इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. लांबून दिसत नसावी.

२१ जानेवारी, बुधवार

डबा हल्ली सामानघरातच खातो. बाहेर वारा फार, कागद उडतात. बाईंनी कुठूनशी एक जास्तीची खुर्ची पैदा केली. मी म्हटलं, कर्मचाऱ्यांशिवाय इथे कुणी बसू नये असा नियम आहे. त्या म्हणाल्या, "मग उभे राहा." बसलो.

सामानघर म्हणजे नुसतं सामान, असा माझा समज होता. पण दिवसभर माणसं याच काउंटरवर येतात. पाणी कुठे, बाळाला पाजायला जागा कुठे, चाकांची खुर्ची कुणाला सांगायची. चौकशीची खिडकी पलीकडेच आहे, तिच्यावर ठळक 'चौकशी' असं लिहिलंय, तरी इथेच येतात. काखेत कळसा नि गावाला वळसा. बाईंना विचारलं, असं का? म्हणाल्या, "तिथला माणूस मान वर करत नाही. मास्तर, माणसाला आधी आपल्याकडे बघणारा माणूस लागतो, मग उत्तर."

हे भाषणात घालता येईल का ते बघतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावून फेरीतल्या लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. पाण्याची सोय, उत्तम. मास्तरांचा आवाज, खणखणीत. 'सामानघरापाशी फार वेळ जातो', असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. साहेब खाली बघून हसत होते, कशाला ते कळलं नाही.

मी समजावून सांगितलं की तिथली लोखंडी शेल्फं मूळची आहेत, खाऱ्या हवेत टिकलेली आहेत, ऐतिहासिकदृष्ट्या फार महत्त्वाची आहेत आणि त्यांना वेळ दिलाच पाहिजे.

"शेल्फं," साहेब म्हणाले. "बरं."

घरी लेकीने विचारलं, "बाबा, रोज शर्टाला इस्त्री? फलाटावर कोण बघतं हो?" म्हटलं, समुद्राच्या वाऱ्याने कापड चुरगळतं, म्हणून आधीच कडक असलेलं बरं. ती जावयाकडे बघून काहीतरी पुटपुटली. या दोघांचं काय चाललेलं असतं देव जाणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज पिशवी दिली तर बाईंनी चिठ्ठीच फाडली नाही. मी हात पुढे करून उभा.

"राहू दे हो," म्हणाल्या. "तुमचं काय हरवतंय माझ्याकडे?"

नियमात ढिलाई यायला लागली की अशीच येते, थोडी थोडी. पण बाई तशा कामाला चोख आहेत, म्हणून सोडून दिलं. त्या मात्र दिवसभर गप्प होत्या. डबाही अर्धा ठेवला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गप्प का होत्या ते आज कळलं. महिनाअखेर सामानघर बंद. त्या जागी फोनवर उघडणारे कप्पे बसवणार. कालच हुकूम आला आणि मला कुणी सांगितलं नाही!

माझा संताप संताप झाला. साहेबांकडे गेलो. हातातली फाइल मिटून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, वरून आलंय मास्तर, माझ्या हातात नाही. बाईंना ऑफिसात दुसरं काम देऊ केलं होतं, त्या नको म्हणाल्या. "चार भिंतींत कागद लावत बसायचं, माणूस दिसणार नाही," असं म्हणाल्या म्हणे.

परत आलो तर बाई शांत. आपणच मला चहा ओतून दिला. मग म्हणाल्या, "माझा मोठा भाऊ बोलावतोय. लांब आहे त्याचं गाव, गाडीने अख्खा दिवस लागतो. खिळे-दोऱ्यांचं दुकान आहे. वहिनीही म्हणते, ये, एकटी कशाला राहतेस. माझ्या माणसाला जाऊनही आता काळ लोटला, इथे मला धरून ठेवणारं असं काही नाही." कपबशी माझ्याकडे सरकवली. "मास्तर, तुम्हाला काय वाटतं? जाऊ का?"

मी नीट विचार केला. घाईघाईत सल्ला देणारा माणूस मी नव्हे. म्हटलं, "सकाळच्या गाडीने जा. दुपारचीला गर्दी असते आणि ती रखडते. डाव्या बाजूची खिडकी घ्या, म्हणजे ऊन लागणार नाही. खालची जागा मी बघतो, आरक्षणात अजून ओळख आहे माझी."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." आत जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहून जुडग्यातल्या किल्ल्या लावू लागल्या. पदराने डोळे पुसले. खारा वारा फार झोंबतो डोळ्यांना, मलाही झोंबतो.

लेकीला सांगितलं. कुणाच्या अडीनडीला उपयोगी पडलो की बरं वाटतं माणसाला. ती स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली.

"त्यांनी विचारलं 'जाऊ का', आणि तुम्ही गाडी सांगितलीत?"

"मग काय सांगणार? ती दुपारची रखडते."

तिने कपाळाला हात लावला. कपाळावर पीठ लागलं. "पालथ्या घड्यावर पाणी!" म्हणाली आणि आत गेली. काय चुकलं माझं? दुपारची रखडतेच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खालची जागा मिळवली, डावी खिडकी. परवाची सकाळची गाडी. तिकीट बाईंच्या हातात दिलं तेव्हा "उपकार झाले" म्हणाल्या. हे शब्द त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या. मला तसे आवडले नाहीत.

झोप नीट लागत नाही. पित्त असावं.

१ मार्च, रविवार

हे आज लिहिलंच पाहिजे, कितीही लाज वाटली तरी.

सकाळी फलाटावर गेलो. बाई निळ्या साडीत होत्या. कमरेला किल्ल्या नव्हत्या. त्या अशा रिकाम्या दिसत होत्या की मला कुठे बघावं कळेना. सामान चढवून दिलं. पाणी आहे का, विचारलं. आहे म्हणाल्या. खिडकीत बसल्या, मी बाहेर. "तब्येतीला जपा मास्तर, डबा वेळेवर खा," म्हणाल्या. मी म्हटलं, "गाडी वेळेवर आहे."

मनात होतं, गाडी सुटताना काहीतरी बोलायचं. काय ते ठरलं नव्हतं, पण बोलायचं होतं, हे खरं.

गाडी हलली. मी एक पाऊल मागे झालो आणि ताठ उभा राहिलो. चाकं बघितली. धूर नाही, खाली काही लोंबत नाही, दारं ठीक. डब्यामागून डबे गेले. शेवटच्या डब्यामागचा दिवा दिसला. गाडी पूर्ण. मनात म्हटलंसुद्धा, छान गेली.

शेजारी त्यांचं सामान आणणारा हमाल उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, बाई वळणापर्यंत हात हलवत होत्या. अर्ध्या बाहेर आल्या होत्या खिडकीतून. तुम्ही एकदा तरी वर बघायचं!"

मी बघितलंच नव्हतं. मी चाकं बघत होतो.

सगळ्या गाडीत मला बघायची होती ती एक खिडकी. मी पूर्ण गाडी बघितली आणि तेवढी सोडली. फलाट मोकळा झाला तरी मी तिथेच होतो. हमालाने बाकावर बसवलं, पाणी दिलं. गरीब बिचारा.

२ मार्च, सोमवार

फेरी होती. धक्का, वाकडा फलाट, पितळी खूण, सगळं सांगितलं. सामानघरापाशी आलो. दार उघडं, आत कामगार शेल्फं सोडवत होते. एका आजोबांनी विचारलं, "इथे काय होतं?"

मला जहाजांचं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "इथे बाई होत्या."

पुढे बोलताच येईना. लोकांना वाटलं, म्हातारा दमला. एकीने पाण्याची बाटली दिली. फेरी तिथेच संपवली.

मला त्यांची आठवण येते. लिहिलं एकदाचं. शेल्फांची नाही, डब्याची नाही, त्यांची. खुर्ची सरकवून 'मग उभे राहा' म्हणणाऱ्या बाईची. त्यांनी 'जाऊ का' विचारलं तेव्हा 'नका जाऊ' एवढंच म्हणायचं होतं. लहान पोरालाही कळलं असतं. आता कळून काय? वरातीमागून घोडं.

५ मार्च, गुरुवार

जेवताना लेक म्हणाली, "जा की मग."

मी काहीच बोललो नव्हतो. म्हटलं, "कुठे?"

"बाबा!"

"काय म्हणून जाऊ? लोक काय म्हणतील? या वयात?" आणि मग जे खरं टोचत होतं ते म्हटलं, "तुझी आई?"

लेक उठून माझ्या बाजूला येऊन बसली. लहानपणी बसायची तशी, अगदी खेटून. म्हणाली, "आईला जाऊन किती वर्षं झाली! ती असती आणि तुम्हाला असं ताट चिवडताना बघितलं असतं ना, तर तिनेच तुमची बॅग भरली असती. वर चार शब्द सुनावले असते ते वेगळेच." मला रडू आलं. तिलाही आलं. जावई पानावरून उठून उगाच खिडकी लावायला गेले. चांगला आहे मुलगा.

दुपारी साहेबांकडे गेलो होतो, ते तिला नंतर सांगितलं. साहेबांना म्हटलं, फेरीला दोन माणसं हवीत, मी आणि कुलूपबाई. लोक पोपटाचं विचारतात. ते माझं वाक्य संपायच्या आत 'हो' म्हणाले. "दोन महिने वाट बघतोय मास्तर, तुम्ही कधी विचारता," असंही म्हणाले. म्हणजे सगळ्या स्टेशनला ठाऊक होतं! मी सोडून!

८ मार्च, रविवार

बाईंच्या भावाच्या दुकानामागच्या खोलीत बसून लिहितोय.

काल सकाळच्या गाडीने निघालो. नोकरीत गाड्या सोडल्या, गाडीत बसणं फारसं घडलं नाही. एका जागी बसवेना. प्रत्येक स्टेशनला दारात जाऊन तिथला मास्तर नीट उभा आहे का ते बघत होतो, शेवटी तिकीट तपासनीस म्हणाला, "आजोबा, बसा आता, आम्ही नेतो गाडी."

काल संध्याकाळी पोचलो, पण सरळ दारात जायचा धीर झाला नाही. स्टेशनच्या विश्रांतिगृहात खोली घेतली. चादर स्वच्छ होती, नळाला पाणी नव्हतं. सकाळी आंघोळ केल्यासारखं करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि पत्ता विचारत आलो.

बाई गल्ल्यापाशी उभ्या राहून कुणाला तरी खिळे तोलून देत होत्या. मला बघून तागडी तशीच धरून राहिल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, जास्त झाले." त्या म्हणाल्या, "राहू दे, ने."

मी पाठ करून आणलेलं म्हणायला लागलो. "आमच्या साहेबांनी विचारलंय, फेरीच्या कामाला तुम्ही याल का. बसून कागद लावायचे नाहीत, माणसांत राहायचं काम आहे. लोक पोपटाचं..."

"साहेबांना हवंय म्हणून दिवसभराचा प्रवास करून आलात?"

"नाही," मी म्हटलं. "मला हवंय. तुम्ही तिथे हव्या आहात मला. त्या दिवशी 'नका जाऊ' म्हणायचं होतं, आणि मी खिडकी कुठली घ्यायची ते सांगत बसलो. आणि गाडी सुटताना मी... बाई, मी चाकं बघत होतो हो."

"ठाऊक आहे मला. बघत होते ना मी," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या. डोळे भरले होते, आणि इथे तर समुद्र नाही. "वळण येईपर्यंत वाटत होतं, आता बघतील, आता बघतील. नंतर दिवसभर त्या डाव्या खिडकीत बसून रडत आले मी. ऊन मात्र लागलं नाही, ते खरं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तसाच उभा राहिलो, आणि या वेळी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनीच आधी नजर काढून घेतली, तागडीतला उरलेला खिळा डब्यात टाकला, पदराने नाक पुसलं.

"परतीची गाडी कधीची आहे तुमची?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. या मार्गावरच्या सगळ्या गाड्या मला झोपेत विचारल्या तरी सांगता येतात. पण परत कुठल्या गाडीने जायचं, तिकीट, जागा, यातलं काही मी केलंच नव्हतं. निघताना डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "बघितलंच नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "दादा, वहिनीला सांग, जेवायला एक माणूस वाढलंय. आणि माझी ट्रंक एवढ्यात माळ्यावर टाकू नकोस."